ओरिशा, अबिकू आणि एशूची टोपी: पश्चिम आफ्रिकेच्या दैवतकथांवरची फँटसी समजून घेताना

टोमी अडेयेमी या नायजेरियन वंशाच्या अमेरिकन लेखिकेची 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन' ही कादंबरी २०१८ मध्ये आली. आता तिच्यावर मोठा चित्रपट होतो आहे, आणि त्यामुळे आपल्याकडेही बरेच जण ती वाचायला घेत आहेत. पहिल्या पन्नास पानांतच प्रश्न सुरू होतात. ओरिशा हे देशाचं नाव की देवांचं? ओया कोण, येमोजा कोण? कादंबरीत ओरिशा हा देश आहे. मुळात मात्र तो दैवतांसाठीचा योरुबा भाषेतला शब्द आहे. आपल्या ओडिशा राज्याशी त्याचा काही संबंध नाही.

फँटसी म्हणजे अद्भुतकथा. तिच्यातल्या जगात जादू खरी असते आणि त्या जादूला नियम असतात. आपल्या वाचनात येणाऱ्या बहुतेक फँटसींचे नियम युरोपातून आलेले आहेत: ड्रॅगन, जादूगाराची काठी, बदलता न येणारी भविष्यवाणी, उजेड आणि अंधाराचं युद्ध. पश्चिम आफ्रिकेच्या कथांवर उभ्या असलेल्या फँटसीत हे नियमच वेगळे आहेत. ते कळले नाहीत तर चांगली कादंबरीही नुसती अवघड नावांची गर्दी वाटते.

आधी नकाशा नीट लावू

आफ्रिका म्हटलं की महाराष्ट्रात जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात. पण सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून, हिंदी महासागर ओलांडून आले. आपला विषय खंडाच्या दुसऱ्या टोकाचा, अटलांटिक किनाऱ्याचा आहे: सेनेगल आणि मालीपासून घाना, टोगो, बेनिन आणि नायजेरियापर्यंत. एकट्या नायजेरियात पाचशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. त्यामुळे 'पश्चिम आफ्रिकी पुराण' नावाचं एकच गाठोडं कुठे नाही.

फँटसीत वारंवार येणारे झरे मात्र मोजके आहेत. नैर्ऋत्य नायजेरियातले योरुबा, आग्नेय नायजेरियातले इग्बो, घानातले अकान, बेनिनमधले फॉन आणि मालीच्या बाजूचे मांदे. अकानांकडून अनान्सी हा कोळी आला. त्याने अजगर, बिबट्या आणि गांधीलमाशा पकडून आकाशदेव न्यामेकडून जगातल्या सगळ्या गोष्टी विकत घेतल्या. मांदेंकडून सुंजाता केइताचं महाकाव्य आलं. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभारणारा हा राजा लहानपणी चालू शकत नव्हता, असं पिढीजात गायक सांगतात. या गायकांना जेली म्हणतात आणि त्यांच्या कोरा या वाद्याला २१ तारा असतात. या दोन्ही परंपरा मोठ्या आहेत, पण आजच्या कादंबऱ्यांवर सर्वांत दाट सावली योरुबांची आहे. म्हणून पुढचा बहुतेक लेख त्यांच्याबद्दल.

ओरिशा: ऑलिंपसपेक्षा कुलदैवताच्या जवळ

योरुबा बोलणारे चार कोटींहून अधिक आहेत. त्यांच्या विश्वात सर्वांच्या वर ओलोदुमारे. त्याला देऊळ नाही, मूर्ती नाही. रोजचा व्यवहार चालतो तो ओरिशांशी. परंपरा त्यांची संख्या 'चारशे अधिक एक' सांगते. तो वरचा एक महत्त्वाचा, कारण यादी कधीच पूर्ण होत नाही, आणखी एकाला जागा असतेच.

इंग्रजी परीक्षणांत ओरिशांची तुलना ग्रीक देवांशी होते. मराठी वाचकाला त्या वळणाने जायची गरज नाही. घराण्याचा ठरलेला ओरिशा असतो, जसं आपल्याकडे कुलदैवत. त्याला ठरलेला नैवेद्य लागतो, ठरलेली वस्तू वर्ज्य असते, उत्सवात तो भक्ताच्या अंगात येतो. ओगुन हा लोखंडाचा ओरिशा, म्हणून लोहाराइतकाच तो ड्रायव्हरचा आणि मेकॅनिकचाही. खंडेनवमीला गाडीला आणि पान्याला हार घालणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. शांगो हा विजेचा ओरिशा, पण आधी तो ओयो राज्याचा राजा होता असं मानतात. ओया ही वाऱ्यावादळाची आणि नायजर नदीची, शिवाय मृतांशी नातं असलेली. अडेयेमीच्या कादंबरीत जादूची दहा कुळं आहेत आणि मृतात्म्यांना हाक मारणारं कूळ ओयाचं आहे, ते यामुळेच.

हे ओरिशा चुकतात, आणि त्यांची चूक जगात उरते. पृथ्वी घडवण्याचं काम ओबातालाकडे होतं. एका प्रचलित कथेनुसार तो आकाशातून साखळीने खाली निघाला. बरोबर शंखात भरलेली माती आणि पाच बोटांची कोंबडी. वाटेत ताडी पिऊन तो झोपला. तेव्हा ओदुदुवा या दुसऱ्या ओरिशाने सामान उचललं, पाण्यावर माती ओतली, कोंबडीने ती पायांनी विखुरली आणि जमीन झाली. जिथे झाली ते इले-इफे हे शहर आजही नायजेरियात आहे. पुढे माणसांची शरीरं मातीतून घडवायचं काम ओबातालाला मिळालं, आणि नशेत त्याच्या हातून काही शरीरं वेगळी घडली. म्हणून अपंग माणसं त्याच्या खास आश्रयाखाली आहेत आणि त्याच्या भक्तांना ताडी वर्ज्य आहे. अशा कथेवर उभ्या राहिलेल्या फँटसीत 'चांगला देव विरुद्ध वाईट देव' ही मांडणी बसतच नाही.

एक शब्द लक्षात ठेवावा: आशे. घडवून आणण्याची शक्ती. ती बोललेल्या शब्दात असते, रक्तात असते, वनस्पतीत असते. या कादंबऱ्यांमध्ये मंत्र योरुबात उच्चारावा लागतो आणि भाषा विसरलेल्याची जादू जाते, त्याचं मूळ इथे आहे.

नशीब: कपाळावर लिहिलेलं नाही, स्वतः निवडलेलं

आपल्याकडे पाचवी-सहावीला सटवाई बाळाच्या कपाळावर लिहून जाते. योरुबांत जन्माआधी माणूस स्वतः आपलं डोकं निवडतो. या आतल्या डोक्याला ओरी म्हणतात. डोकी घडवणारा कुंभार अजाला. तो कुशल आहे, पण कर्जबाजारी आणि बेभरवशाचा. त्याची काही मडकी नीट भाजलेली असतात, काही कच्ची, आणि वरून पाहून फरक कळत नाही.

इफा या भविष्य पाहण्याच्या परंपरेतल्या पदांतली तीन मित्रांची कथा अशी. दोघे घाईघाईने अजालाकडे गेले, तो घरी नव्हता, म्हणून मोठी देखणी डोकी उचलून निघाले. पृथ्वीवर येताना पाऊस लागला, कच्ची डोकी झिजली आणि आयुष्यभर त्यांना कष्टाचं फळ मिळालं नाही. तिसरा, अफुवापे, आधी वडिलांना भेटायला गेला. तिथे त्याला पैसे आणि मीठ दान करायला सांगितलं, आणि त्यातलं काही बरोबर न्यायला. अजालाच्या घरी पोहोचला तर दारात सावकार बसलेला आणि अजाला आढ्यावर लपलेला. अफुवापेने कर्ज फेडलं, आणि अजालाने खाली उतरून स्वतः त्याला पक्कं भाजलेलं डोकं निवडून दिलं.

आता हे कथानकाला लावून पाहा. युरोपी धाटणीच्या फँटसीत नायक 'निवडलेला' असतो. इथे निवडणारा तोच असतो, आणि ते त्याला आठवत नसतं. सगळी धडपड आपण काय निवडलं होतं ते शोधण्याची. हा फरक कादंबरीचा सांगाडाच बदलतो.

इफा: भविष्य कसं पाहतात, पायरीपायरीने

निवडलेलं काय ते शोधायचं साधन म्हणजे इफा. ही परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. ती चालवणारा पुरोहित म्हणजे बाबालावो, आणि त्याची पद्धत इतकी काटेकोर आहे की लेखकांना वेगळे नियम शोधावेच लागत नाहीत.

बाबालावोकडे तेलताडाच्या १६ बिया असतात. त्या एका हातात धरून दुसऱ्या हाताने एका झडपेत उचलायच्या. मूळ हातात एक बी उरली तर समोरच्या लाकडी तबकातल्या भुकटीत दोन रेघा ओढायच्या. दोन उरल्या तर एक रेघ. एकही उरली नाही किंवा दोनाहून जास्त उरल्या तर ती खेप बाद, पुन्हा उचलायच्या. असं आठ वेळा जुळून आलं की चार-चार खुणांचे दोन स्तंभ तयार होतात, उजवा आधी, मग डावा. प्रत्येक खूण दोनच प्रकारची, म्हणून एका स्तंभाच्या १६ शक्यता आणि दोन्ही मिळून २५६. या प्रत्येक आकृतीला ओदू म्हणतात. घाईच्या वेळी आठ अर्धशिंपल्यांसारख्या तुकड्यांची साखळी, ओपेले, एकदाच टाकून तोच निकाल मिळतो.

खरं काम यापुढे आहे. प्रत्येक ओदूखाली पाठ केलेल्या पदांचा मोठा साठा असतो. पद बहुधा एकाच वळणाचं: पूर्वी अमक्या बाबालावोंनी अमक्यासाठी बिया टाकल्या, त्याची अडचण ही होती, त्याला हे दान सांगितलं, त्याने ते केलं किंवा केलं नाही, आणि मग असं झालं. अफुवापेची कथा याच साच्यातली. प्रश्न विचारणाऱ्याने आपली अडचण मोठ्याने सांगायची नसते. बाबालावो एकामागून एक पदं म्हणत जातो आणि ऐकणाऱ्याला आपली गोष्ट ओळखू येते.

कोकण-गोव्यात देवाला कौल लावतात, पाकळी उजवीकडून पडली की होकार. इफात होकार-नकाराऐवजी पूर्वीचा दाखला मिळतो, आणि दाखल्यात सुटकेची वाट असते. बरेच लेखक इथेच चुकतात. ते इफाकडून 'राजा मरणार' असं पक्कं भाकीत वदवून घेतात, आणि मग सगळी पद्धत नुसती सजावट होऊन बसते. इफाचं उत्तर नेहमी जर-तरचं असतं: दान केलं तर हे, टाळलं तर ते.

एशू सैतान नाही

दान पोहोचवतो तो एशू. चौरस्त्याचा, बाजाराचा, निरोपांचा ओरिशा. प्रत्येक नैवेद्यात पहिला वाटा त्याचा, आणि इफाच्या तबकाच्या काठावर कोरलेला चेहराही बहुधा त्याचाच. त्याची प्रसिद्ध कथा दोन मित्रांची. त्यांची शेतं शेजारी शेजारी. आयुष्यभर भांडायचं नाही अशी त्यांनी शपथ घेतली, पण एशूला विचारलं नाही. एशू एका बाजूने काळी, दुसऱ्या बाजूने पांढरी टोपी घालून बांधावरून चालत गेला. एक म्हणाला काळी, दुसरा म्हणाला पांढरी, आणि मैत्री हाणामारीवर आली.

मग इंग्रजी मजकुरात एशू सैतान का दिसतो? कारण बायबलच्या भाषांतरात आहे. सॅम्युएल अजायी क्राउथर हे स्वतः योरुबा. मुलगा असताना गुलाम म्हणून विकले गेले, १८२२ मध्ये ब्रिटिश नौदलाने जहाज अडवल्यावर सुटले, पुढे बिशप झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली योरुबा बायबल तयार झालं आणि त्यात सैतानासाठी 'एशू' हा शब्द आला. तेव्हापासून कित्येक योरुबा घरांतही हाच अर्थ रुजला. कादंबरीत एशू खलनायक म्हणून आला तर त्यामागे मिशनरी काळाचा शब्दकोश आहे हे ओळखावं. तो वाट अडवतो, वाट उघडतोही. लेखकाने त्याला कोणती बाजू दिली, यावरून त्याचा अभ्यास कळतो.

अबिकू: येऊन जाणारं मूल

योरुबांत अबिकू, इग्बोंत ओगबांजे. पुन्हा पुन्हा जन्माला येऊन लहानपणीच मरणारं एकच मूल. त्याचे सवंगडी पलीकडच्या जगात असतात आणि ते त्याला परत बोलावतात. इग्बो समजुतीत अशा मुलाने जमिनीत एक वस्तू पुरून ठेवलेली असते, ईयी-उवा. ती खणून काढली की त्याचा पलीकडचा करार तुटतो. योरुबा आईबाप नावातूनच विनवणी करतात: मालोमो म्हणजे 'पुन्हा जाऊ नकोस', दुरोजाये म्हणजे 'थांब, आयुष्य उपभोग'. आपल्याकडे आधीची मुलं गेल्यावर जगावं म्हणून धोंडू, दगडू, केरबा अशी नावं ठेवत. दुःख तेच, उपाय उलटा. आपण मूल नकोसं असल्याचं दाखवून मृत्यूला फसवलं, त्यांनी मुलालाच गळ घातली.

या समजुतीमागे सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असावा, असं अनेक संशोधकांनी मांडलं आहे. पश्चिम आफ्रिकेत तो मोठ्या प्रमाणावर आहे, आणि विदर्भात, नंदुरबारकडेही आहे. एकाच घरातली मुलं एकामागून एक का जातात, याला तेव्हा दुसरं उत्तर नव्हतं.

बेन ओक्री यांच्या 'द फॅमिश्ड रोड'चा निवेदक अझारो हा असाच एक अबिकू. त्याने राहायचं ठरवलं आहे आणि सवंगडी त्याला ओढत आहेत. या कादंबरीला १९९१ चं बुकर पारितोषिक मिळालं. तिच्यात झोपडपट्टी, निवडणूक, दारूचा गुत्ता आणि भुतं एकाच वाक्यात येतात. वाचक विचारतो, हे स्वप्न की खरं? अबिकूच्या दृष्टीने हा प्रश्नच उद्भवत नाही. जिवंतांचं, मेलेल्यांचं आणि अजून न जन्मलेल्यांचं जग एकमेकांना लागून आहे, दारं उघडी आहेत.

'हे सगळं अलीकडचं फॅड नाही का?'

नाही. डी. ओ. फागुनवा यांची अद्भुत कादंबरी १९३८ मध्ये योरुबातच आली. एक शूर शिकारी आणि हजार आत्म्यांचं अरण्य. वोले सोयिंका यांनी १९६८ मध्ये तिचं इंग्रजी भाषांतर केलं. त्याआधी, १९५२ मध्ये, लंडनमध्ये आमोस टुटुओला यांची 'द पाम-वाइन ड्रिंकार्ड' छापली गेली. तिच्या नायकाकडे ५,६०,००० ताडाची झाडं. त्याचा माणूस सकाळी १५० आणि संध्याकाळी ७५ पिंप ताडी काढून देतो. तो झाडावरून पडून मरतो आणि नायक त्याला परत आणायला मेलेल्यांच्या गावी निघतो. याच पुस्तकात एक देखणा गृहस्थ आहे. बाजारातून घरी परतताना तो भाड्याने घेतलेला एकेक अवयव मालकाला परत करत जातो, प्रत्येकाचं भाडं चुकवतो, आणि शेवटी नुसती कवटी उरते. भुलून त्याच्यामागे गेलेली मुलगी हे सगळं पाहत असते.

टुटुओलांचं शिक्षण थोडं, इंग्रजी योरुबाच्या चालीवरचं. परदेशात कौतुक झालं, पण नायजेरियातल्या अनेक सुशिक्षितांना त्या इंग्रजीची लाज वाटली. आज त्या भाषेकडेच सर्वांत आदराने पाहिलं जातं, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. ती कवटी व्याकरणशुद्ध इंग्रजीत एवढी भिववू शकली नसती.

'युरोपी कथेलाच काळी पात्रं लावली, एवढंच ना?'

काही पुस्तकांबाबत आक्षेप खरा आहे. राज्य, जुलमी राजा, हरवलेली जादू, तीन वस्तूंचा शोध, आणि वर ओरिशांची नावं. तपासायची सोपी रीत अशी: नावं बदलून ग्रीक केली तर कथा तशीच चालते का? चालत असेल तर कातडं फक्त बदललं. टुटुओला किंवा ओक्रींची पुस्तकं या परीक्षेत मोडून पडतात, कारण त्यांचं कथानकच त्या विश्वरचनेतून निघालेलं आहे.

इग्बो आईवडिलांची अमेरिकन लेखिका न्नेडी ओकोराफोर यांनी यासाठी २०१९ मध्ये एक शब्द समजावून मांडला: आफ्रिकनजूजूइझम. अर्थ सरळ आहे. आफ्रिकेत खरोखर जगल्या जाणाऱ्या श्रद्धा आणि लेखकाची कल्पना यांची आदराने केलेली वीण. त्यांच्या 'अकाटा विच' या किशोर कादंबरीत नवं ज्ञान मिळालं की आकाशातून नाणी पडतात, आणि जादूची लिपी म्हणून न्सिबिदी वापरली आहे. ती क्रॉस नदीच्या खोऱ्यातली खरी चिन्हलिपी आहे.

'मग मूळ, शुद्ध रूप कोणतं?'

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओयो राज्य कोसळलं आणि युद्धांत पकडलेले असंख्य योरुबा गुलाम म्हणून क्युबा आणि ब्राझीलला नेले गेले. ओरिशा त्यांच्याबरोबर गेले. योरुबांच्या मुलखात येमोजा ही नदीची, समुद्र ओलोकुनचा. अटलांटिक ओलांडल्यावर येमोजा समुद्राची झाली. ब्राझीलच्या साल्व्हादोरमध्ये दर २ फेब्रुवारीला तिला फुलं आणि अत्तरं समुद्रात वाहतात. अडेयेमींना कादंबरीची कल्पना सुचली तीही साल्व्हादोरमध्ये ओरिशांची चित्रं पाहून. म्हणजे कादंबरीतली समुद्रदेवी येमोजा चुकीची नाही, ती समुद्र ओलांडून आलेली आहे.

यात एक धागा थेट मुंबईचा आहे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मामी वाटा नावाची जलदेवी पूजली जाते, गळ्यात साप, लांब मोकळे केस. तिचं हे रूप पसरलं ते हँबर्गमध्ये १८८० च्या दशकात छापलेल्या एका सापवालीच्या चित्रावरून. १९५५ मध्ये घानातल्या कुमासीच्या व्यापाऱ्यांसाठी तेच चित्र मुंबईच्या श्री राम कॅलेंडर कंपनीने पुन्हा छापलं. मुंबईच्या देवादिकांच्या कॅलेंडरांनाही तिथे भक्त मिळाले. टोगो-बेनिनकडे देन्सू नावाच्या तीन मुखांच्या जलदैवताची ओळख म्हणून आपल्या दत्तात्रेयाची तसबीर वापरली जाते.

'जिवंत श्रद्धेची अशी कादंबरी करावी का?'

हा सर्वांत गंभीर प्रश्न आहे. इफा सांगणारे आजही आहेत. नायजेरियातल्या ओशोग्बो शहराचं, ओशुन या नदीच्या ओरिशाचं पवित्र रान २००५ पासून जागतिक वारसा आहे आणि तिथे दर ऑगस्टमध्ये उत्सव भरतो. ग्रीक देवांवर लिहिताना कुणाचं देवघर विस्कटत नाही, इथे विस्कटू शकतं. पण या परंपरेने स्वतःच यादी उघडी ठेवली आहे, आणि ओरिशांच्या चुका तिचीच पदं सांगतात. कल्पनेला मज्जाव दिसत नाही. राग येतो तो खऱ्या दीक्षाविधींना भीतिपटाचं रूप दिलं की, किंवा 'जूजू' म्हणजे करणी एवढाच अर्थ धरला की. जूजू हा शब्दही तिथल्या श्रद्धेला बाहेरच्यांनी चिकटवलेला आहे.

वाचायला बसताना

योरुबा सुरांची भाषा आहे: खालचा, मधला, वरचा. 'ऑको' या अक्षरांचा सुरानुसार नवरा, कुदळ, भाला किंवा वाहन असा अर्थ होतो. इंग्रजी पुस्तकांत 's' खालचा टिंब बहुधा गळतो, म्हणून 'सांगो' दिसलं तरी वाचावं शांगो, आणि 'ओसुन' दिसलं तरी ओशुन. आपल्याकडे श आहे, तेव्हा ही चूक सहज टाळता येते.

सुरुवात टुटुओलांपासून करावी, पुस्तक छोटं आहे. घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना 'अकाटा विच' द्यावं. ओक्री त्यानंतर, आणि सावकाश.

जवळ एक कागद ठेवावा आणि प्रत्येक ओरिशापुढे दोन गोष्टी लिहाव्या: आवडतं काय, वर्ज्य काय. ओबातालापुढे पांढरा रंग आणि ताडी. ओशुनपुढे मध आणि पितळ. शांगोपुढे मेंढा. एशूपुढे दोन तेलं. तेलताडाच्या एकाच फळाच्या गरातून लाल तेल निघतं, ते ओतलं की एशू शांत होतो. त्याच फळाच्या बीमधून काळपट तेल निघतं, अदीन. ते त्याला पूर्ण वर्ज्य, आणि त्याचा संताप दुसऱ्यावर सोडायचा असेल तर शत्रूच्या नावाने तेच त्याच्या दगडावर ओततात. कथेत कुणी चौरस्त्यावर तेल घेऊन आलं, तर कोणतं आणलं आहे ते वाचून मगच पान उलटावं.